दात, डाग आणि आरसी बुक : जुनी गाडी घेण्याचा इतिहास

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषय ऐकून काहींना वाटलं असेल, इतिहासाच्या व्याख्यानात हे जुन्या गाडीचं कुठून काढलं? यादव राहिले, निजाम राहिला, आणि हा माणूस सेकंडहँड गाडीवर तासभर बोलणार. पण मी विषय मुद्दाम घेतला आहे. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात प्रवासी रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला, त्या जिल्ह्यात चार चाकं ही चैन नसते. रात्री दोन वाजता बाळंतीण गेवराईला न्यायची तर शेजाऱ्याची जीप उठवावी लागते. आणि ही चार चाकं आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात येतात ती आधी दुसऱ्या कुणाच्या तरी दारात काही वर्षं उभी राहून. नव्या गाडीला इतिहास नसतो. जुन्या गाडीला असतो. ती कुणाकुणाच्या हातून गेली, तिच्यावर काय काय बेतलं, आणि विकणारा जे सांगतोय त्याला पुरावा काय, हे प्रश्न विचारायला लागलात की तुम्ही इतिहासकाराचंच काम करत असता.

मूळ अडचण गाडीपेक्षा फार जुनी आहे. वापरलेल्या वस्तूबद्दल विकणाऱ्याला सगळं ठाऊक असतं आणि घेणाऱ्याला काहीच नसतं. या दोघांमधली दरी कशी भरायची, यासाठी माणसांनी जे जे उपाय शोधले त्यांचा इतिहास मी आज सांगणार आहे. त्यात शेवटी आपण बीडच्या परिवहन कार्यालयाच्या खिडकीपर्यंत येऊ.

सुरुवात बैलापासून करू, कारण आपल्या भागात वापरलेली वस्तू पारखून घेण्याची शाळा म्हणजे जनावरांचा बाजार. आपल्याच तालुक्यातला हिरापूरचा बाजार, बीडजवळचा नेकनूरचा, आणि मोठी यात्रा म्हटली तर नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातली माळेगावची. तिथं खरेदीला गेलेला जाणता शेतकरी पहिल्यांदा काय करतो? बैलाचा ओठ वर करतो. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. हे शब्द इथं कुणाला समजावून सांगायला नकोत. पण यातली गंमत बघा. साधारण पाच वर्षांपर्यंत दात बैलाचं वय चोख सांगतात. आठही दात जुळले की हा पुरावा संपतो. मग दातांची झीज बघायची, शिंगाची वळी मोजायची, आणि शिंग तासून तेल लावलेलं असेल तर तेही कळत नाही. म्हणजे जनावर जितकं जुनं, तितका पुरावा कमी आणि विकणाऱ्याचा शब्द जास्त. गाडीचंही अगदी हेच आहे. तीन वर्षांच्या गाडीची कंपनीकडं नोंद सापडते. बारा वर्षांच्या गाडीचा मीटर जे दाखवतो त्यावर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागतं.

म्हणून मग नुसते दात बघून कुणी थांबत नाही. बैल चालवून बघतात, जू ठेवून बघतात, माणसाच्या अंगावर येतो का ते बघतात. आपल्याकडं 'खोड' हा शब्द किती नेमका आहे! खोड दिसत नाही, वापरल्यावर कळते. आणि भाव ठरायचा तो उपरण्याखाली हात घालून, बोटं धरून. चारचौघांसमोर भाव फुटत नाही. दलालाला कळतं, दोन हातांना कळतं, बाकी बाजाराला नाही. मला ही पद्धत बघायला आवडते, पण ती घेणाऱ्याच्या फायद्याची आहे असं काही मला वाटत नाही. भाव झाकला की शेजारचा तसाच बैल कितीला गेला हे कळायची सोय संपते.

आता राज्यकर्त्यांकडं येऊ. त्यांची अडचण जरा वेगळी होती. त्यांना घोडे लागत, हजारोंनी लागत, आणि बदली होण्याची भीती असे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाचं काम सांगितलंय : प्रत्येक घोड्याचं कुळ, वय, रंग, खुणा आणि तो आला कुठून, याची नोंद ठेवायची. 'आला कुठून' याला तिथं शब्द आहे 'आगम'. माझ्या मते जुन्या गाडीच्या बाबतीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो सगळ्यात शेवटी विचारला जातो. रंग कोणता, एसी चालतो का, हे आधी विचारतात.

पुढे अल्लाउद्दीन खिलजी. आपल्या पैठणच्या पलीकडं देवगिरीवर तो १२९६ मध्ये चालून आला, ते आपल्याला माहीत आहे. दिल्लीला सुलतान झाल्यावर त्यानं फौजेच्या घोड्यांना डाग द्यायला सुरुवात केली. कारण साधं होतं. हजेरीच्या दिवशी चांगला घोडा दाखवायचा, त्याचा पगार घ्यायचा, आणि मग तो विकून तट्टू बाळगायचं, असं सर्रास चालायचं. डाग दिला की घोडा बदलता येत नाही. बरनीनं लिहून ठेवलंय की घोडेबाजारातल्या दलालांवरही त्यानं मोठी कडक कारवाई केली. अकबरानं पुढं हीच डागाची पद्धत पुन्हा आणली. आज गाडीच्या सांगाड्यावर जो चेसिस नंबर ठोकलेला असतो, तो या डागाचाच वंशज समजा. काम तेच आहे : कागदावरचा घोडा आणि समोर उभा असलेला घोडा एकच आहे, एवढंच सिद्ध करणं. परिवहन कार्यालयात त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात ना, त्यावेळी मला नेहमी ही हजेरी आठवते.

मोटार आपल्या मुलखात सामान्य माणसाच्या वाट्याला आली ती बसच्या रूपानं. निजाम सरकारच्या रेल्वे खात्यानं १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी रस्ते वाहतूक सुरू केली. खासगी मोटार म्हणजे जहागीरदार, वकील, फार तर एखादा अधिकारी. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ चा मोटार वाहन कायदा आला, मग १९३९ चा, आणि सध्याचा १९८८ चा, जो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. या कायद्यांनी एक मोठी गोष्ट केली. जमिनीला जसं दप्तर असतं तसं गाडीला दिलं. गाडी कुणाची, हे ती कुणाच्या दारात उभी आहे यावरून न ठरवता वहीत नाव कुणाचं आहे यावरून ठरवायला सुरुवात झाली.

मात्र दप्तर असून उपयोग नाही, बघणारा हवा. याचा सगळ्यात मोठा धडा एका सरकारनंच दिला, आणि ते सरकार आपलंच होतं. १९४८ साल. काश्मीरमध्ये लढाई चालू. सैन्याला जीप हव्यात आणि लगेच हव्यात. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी करार केला, साधारण ८० लाख रुपयांचा. गाड्या नव्या नव्हत्या. महायुद्धात वापरलेल्या, दुरुस्त करून दिलेल्या. २,००० जीप, प्रत्येकी ३०० पौंड. बरेचसे पैसे आधीच दिले गेले. मद्रास बंदरात उतरल्या किती? १५५. आणि त्या पाहिल्यावर सैन्याच्या लोकांनी त्या घ्यायला नकार दिला, चालवण्याजोग्या नव्हत्या. संसदेत वर्षानुवर्षं गाजलं. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी मेनन केंद्रात मंत्री झाले.

मेनन यांच्या राजकारणाबद्दल मला इथं बोलायचं नाही. खरेदीदार म्हणून बघा फक्त. घाई होती, गाडी डोळ्यांनी पाहिली नव्हती, पैसे आधी दिले, आणि विकणारा कोण याची नीट चौकशी झाली नाही. चारही चुका एका सौद्यात. देशाच्या तिजोरीवर बसलेल्या माणसाला ही घाई नडली, तर लग्नसराईच्या आधी गाडी पाहिजे म्हणून नगरला गेलेल्या आपल्या माणसाला ती नडणार नाही असं थोडंच आहे?

आता मी ज्याला मूळ दुखणं समजतो त्या काळाकडं येतो. स्वातंत्र्यानंतर तीसपस्तीस वर्षं या देशात गाडी म्हणजे तीन नावं. हिंदुस्तान मोटर्सची अँबेसिडर, मद्रासची स्टँडर्ड, आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, जिला पुढं पद्मिनी म्हणू लागले. प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. म्हणजे आपल्या शेजारच्या गावचा माणूस देशाला मोटारी देत होता, पण त्या मोटारी आपल्या गावात काही येत नव्हत्या. १९७० च्या दशकात सगळ्या देशात मिळून वर्षाला पन्नास हजारसुद्धा मोटारी तयार होत नव्हत्या. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. पुण्याच्या बजाजची स्कूटर मिळायलाही हीच कथा. मुलाच्या लग्नात स्कूटर द्यायची म्हणून मुलगा शाळेत असतानाच नंबर लावलेली घरं होती, असं जुनी माणसं हसत सांगतात.

अशा टंचाईत काय होतं? जुनी गाडी नव्यापेक्षा महाग होते. आजच्या मुलांना हे पटत नाही. पण नवीन गाडी सहा वर्षांनी मिळणार आणि जुनी उद्या मिळणार, तर उद्याची किंमत जास्त. सरकारला हे ठाऊक होतं. म्हणून १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा आदेश निघाला. नियंत्रित भावात नवी गाडी मिळाली की ठरावीक मुदतीपर्यंत ती परवानगीशिवाय विकायची नाही, असं बंधन होतं. हेतू चांगला. पण बंधन आलं की वाट निघते. गाडी विकायची, पैसे घ्यायचे, चावी द्यायची, आणि कागदावर नाव मात्र जुनंच ठेवायचं. कोऱ्या फॉर्मवर सही करून द्यायची. "मुदत संपली की नाव करून घ्या." मुखत्यारपत्र करून द्यायचं. आणि अशी गाडी पुन्हा पुढं विकली जायची, तोच सही केलेला कोरा फॉर्म सोबत घेऊन.

माझं मत असं आहे, आणि ते मत म्हणूनच घ्या, की टंचाई संपली तरी ही सवय संपली नाही. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, नव्वदीनंतर दहा कंपन्या आल्या, बाजार गाड्यांनी भरून गेला. परवान्याचा काळ गेला, पण 'कागद मागाहून करू' हे वाक्य मागं राहिलं. बघा, जो माणूस अर्धा एकर जमीन घेतली तरी तलाठ्याकडं फेरफार नोंदवल्याशिवाय झोपत नाही, तोच माणूस तीन लाखांची गाडी एका सहीच्या कोऱ्या कागदावर घेऊन येतो आणि पेढे वाटतो.

इथं थोडं आडवळण घेतो, अमेरिकेचं. जॉर्ज अकरलॉफ नावाचे अर्थशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी १९७० मध्ये एक लेख छापला, विषय सेकंडहँड गाड्यांचा बाजार. तिकडं फसव्या गाडीला 'लेमन' म्हणतात, म्हणजे लिंबू. आपण चांगल्या गाडीला लिंबू बांधतो, ते वाईट गाडीलाच लिंबू म्हणतात, असो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि लिंबू यातला फरक कळत नाही. म्हणून तो सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. मधल्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. राहतात लिंबं. हे घेणाऱ्याला कळतं, तो भाव आणखी पाडतो, मग जरा बऱ्या गाड्याही जातात. शेवटी बाजार कुजतो. कुणी एक माणूस वाईट आहे म्हणून नव्हे, फक्त माहिती एकाच बाजूला आहे म्हणून.

हा लेख तीन नियतकालिकांनी परत पाठवला. त्यातल्या दोघांचं म्हणणं, विषय अगदीच क्षुल्लक आहे. पहिला नकार आला तेव्हा अकरलॉफ भारतात होते. १९६७-६८ चं वर्ष त्यांनी इथं काढलं. आणि त्या लेखात भारतातल्या खेड्यातला सावकारही आहे! सावकार भरमसाठ व्याज का घेऊ शकतो? कारण गावात कोण पैसे फेडणारा आणि कोण बुडवणारा, हे त्याला माहीत असतं आणि शहरातल्या बँकेला नसतं. म्हणजे सावकाराची खरी पुंजी माहिती. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना मुकादम उचल देतो, तेव्हा तोसुद्धा माणूस ओळखूनच देतो. याच लेखाच्या कामासाठी अकरलॉफना २००१ चं नोबेल मिळालं. योगायोग बघा, त्याच २००१ मध्ये मारुतीनं 'ट्रू व्हॅल्यू' नावानं जुन्या गाड्यांची दुकानं सुरू केली. अकरलॉफनी जे उपाय सुचवले होते त्यातलाच हा एक : विकणाऱ्यानं आपलं नाव पणाला लावायचं, हमी द्यायची.

पण गाव आणि तालुक्यातले बहुतेक सौदे अजून माणसाकडून माणसाकडंच होतात. मध्ये एखादा ओळखीचा एजंट. तिथं हमी कुणाची? आपला १९३० चा वस्तुविक्रीचा कायदा अशा सौद्यात साधारण हेच सांगतो की पाहून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची. आणि त्याच कायद्याचं दुसरं तत्त्व : जे विकणाऱ्याचं नाही ते तो तुम्हाला देऊ शकत नाही. चोरीची गाडी तुम्ही प्रामाणिकपणे, पूर्ण पैसे मोजून घेतलीत, तरी ती मूळ मालकाचीच. पैसे कुणाकडून वसूल करायचे ते तुमचं तुम्ही बघा.

आता दप्तरातल्या नावाचं काय होतं ते एका खटल्यावरून सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा निकाल, 'नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार'. मूळ मालकानं २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढं एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं अशी फिरत राहिली. नाव मात्र कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये त्या गाडीनं अपघात झाला, त्यात एक जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयानं सांगितलं, कायद्याच्या लेखी मालक तोच ज्याचं नाव नोंदणीत आहे. ज्यानं दोन वर्षांपूर्वी गाडी विकली, जो त्या गावात नव्हता, ज्याला गाडी आता कुणाकडं आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं, त्याच्यावर जबाबदारी आली. न्यायालयाचं कारणही मला पटतं. अपघातात ज्याचं माणूस गेलं त्यानं काय एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या गाडीचा माग काढत हिंडायचं?

हे ऐकून घेणारा म्हणेल, मग बरंच आहे, अडकणार तो जुना मालक, माझं काय जातंय? तुमचं जातं ते असं. कलम १५७ प्रमाणं गाडी विकली की समोरच्याच्या नुकसानीचा विमा आपोआप तुमच्याकडं येतो. पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. म्हणजे गाडी तुमची चेपली, विम्याचा कागद जुन्या मालकाच्या नावावर, तर कंपनी तुम्हाला ओळखत नाही आणि जुन्या मालकाचं काही नुकसान झालेलं नाही. सगळा हप्ता भरलेला असतो आणि हातात शून्य. वर्षभराच्या कमाईतून, एका तोडीच्या पैशातून घेतलेली गाडी असेल तर हा धक्का घराला दोनतीन वर्षं पेलत नाही.

म्हणून आता तयारीचं बोलू. आपण क्रम उलटा धरतो. गाडी आवडते, भाव ठरतो, विसार देतो, मग मिस्त्रीला दाखवतो आणि कागद सगळ्यात शेवटी. मी म्हणतो कागद आधी. गाडीकडं जायच्याही आधी. फोनवर फक्त नंबर मागा. परिवहन खात्याच्या ॲपवर तो टाकला की नोंदणी कधीची, कितवा मालक, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे घरी बसून दिसतं. ई-चलान थकलेत का तेही बघता येतं. नंबर द्यायलाच जो कां-कूं करतो, त्याच्या गाडीचे फोटो कितीही चांगले असोत, नाद सोडा. बोजा असेल तर 'मी फेडून टाकतो' यावर जाऊ नका. बँकेचं ना देय पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय ती गाडी अर्धी बँकेची आहे असं समजायचं.

नोंदणीची तारीख नीट बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर गाडी तपासून पाच पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळते त्याचं हेही एक कारण आहे.

मग गाडी. सकाळी जा, आणि आधी सांगून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड बोलतं, थंड इंजिन खरं बोलतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. आपला मिस्त्री सोबत न्या, एजंटचा नको. मिस्त्रीला दोनपाचशे द्यायला लोक मागंपुढं बघतात आणि तीन लाख निर्धास्त देतात, हे गणित मला कधी कळलेलं नाही. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं, तर हा जुळलेला बैल आदत म्हणून खपवला जातोय. काचांवर कंपनीची खूण असते. एकच काच वेगळ्या खुणेची निघाली तर ती का बदलली ते विचारा. पत्र्यावर चुंबक फिरवा, जिथं चिकटत नाही तिथं पुट्टी आहे. आणि सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून बघा. पुरातल्या गाडीचा गाळ बाहेरून धुतला जातो, पण पट्ट्याच्या आतल्या वळीत राहतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून बुडालेल्या गाड्यांची भीती लोकांना कळली. पण आता बुडालेली गाडी मुंबईचीच असेल असं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात गोदावरी आणि सिंदफणेनं काय केलं ते तुम्ही पाहिलंय.

सौदा ठरला की चेसिस नंबर स्वतः वाचा, आरसीशी ताडा. एक आकडा जरी खोडल्यासारखा दिसला तरी उठा. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकराच्या कायद्यात तेवढाच दंड आहे, आणि तुमच्यापाशीही पुरावा राहतो. चावी घेताना फॉर्म २९ आणि ३० वर तारीख टाकून, पूर्ण भरून सह्या. कोरा नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. विमा नावावर करायला १४ दिवस. एजंटकडून घेत असाल तर त्याच्याकडं अधिकृत विक्रेत्याचा परवाना आहे का ते विचारा. २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेनं १ एप्रिल २०२३ पासून तशी पद्धत सुरू झाली आहे. ती पाळली तर मालकानं गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची नोंदही दप्तरात होते, आणि मधल्या काळात जबाबदार कोण हा घोळ राहत नाही.

वेळ संपत आली. दोन प्रश्न आलेत ते घेतो.

पहिला प्रश्न : दिल्लीची डिझेल गाडी आपल्याकडच्यापेक्षा फार स्वस्त मिळते, घ्यावी का? स्वस्त का आहे ते आधी समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. पुढं त्यात बदल होत राहिले, पण तिथल्या मालकाला गाडी घालवायची घाई असते ती त्यामुळं. गाडी वाईटच असेल असं नाही. पण तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, हवा. मग बीडला येऊन एमएच २३ चा नवा नंबर, तुम्ही अंबाजोगाईच्या हद्दीत असाल तर एमएच ४४, आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा. ही सगळी बेरीज करा, त्यात जाण्यायेण्याचं डिझेल धरा, आणि मग इथल्या गाडीच्या भावाशी तुलना करा. बऱ्याचदा फरक वीसतीस हजारांचा उरतो. त्यापायी हजार किलोमीटरवरचा अनोळखी माणूस गाठायचा का, ते तुम्ही ठरवा.

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. मेव्हण्याचीच गाडी घेतोय, घरातलाच व्यवहार, मग नाव बदलायची काय घाई? कायद्यात मेव्हण्यासाठी वेगळं कलम नाही. आणि समजा, देव न करो, उद्या मेव्हण्याचं काही बरंवाईट झालं. मग ती गाडी त्याच्या वारसांची. वारसानं तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मगच तुमच्या नावावर. त्यासाठी बाकीच्या वारसांची संमती लागते. त्यातला एक पुण्याला कंपनीत, एक सुरतेला, आणि बहीण तिकडं कर्नाटकात कारखान्यावर तोडीला गेलेली. प्रत्येकाच्या सहीसाठी तुम्हालाच हिंडावं लागतं, आणि ते हिंडणंही त्याच गाडीतून, डिझेल तुमचं.